घरबसल्या ब्युटी प्रॉडक्ट विकायचेत? कंपनी कशी निवडायची, कोल्हापुरातल्या बायकांसाठी

परवा नणंदेची पोरगी घरी आली, चहा व्हायच्या आधीच मोबाईल पुढं केला, "मामी, हा प्लॅन बघ की, जॉईन होऊ काय?" प्लॅन म्हणजे एक पीडीएफ, मधी एक गोल त्यात 'तुम्ही', खाली दोन गोल, त्याच्या खाली चार, मग आठ, आणि शेवटच्या पानावर गाडी आणि विमान. अख्ख्या पीडीएफमध्ये क्रीमचा फोटो एक, तो पण शेवटून दुसऱ्या पानावर. तिला दोन तास बसून जे सांगितलं ते सगळं इथं लिहून ठेवते कारण माझ्याकडं महिन्याला दोन-तीन जणी तरी हेच विचारायला येतात आणि दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातंय.

मी स्वतः या धंद्यात आधी पोळले आहे. बारा वर्षांपूर्वी एका कंपनीत जॉईन झाले, नाव घेत नाही. हॉटेलात मीटिंग होती, चांगल्या साडीतल्या बायका स्टेजवर येऊन सांगत होत्या की आमचं आयुष्य बदललं, आणि मला खरंच वाटलं की आपलं पण होईल. ९,००० रुपयांचं पॅकेज घेतलं, भिशी लागली होती त्याच पैशातनं. घरी खोकं आलं, त्यात फेसवॉश, सीरम, अँटी एजिंग क्रीम, एकेक डबी हजार-बाराशेची. आमच्या गल्लीत हजाराची क्रीम कोण घेणार? बहिणीनं एक घेतली, शेजारच्या वैनींनी एक घेतली, त्यांनी पण माझ्यासाठी म्हणून. बाकीचा माल दिवाणाखाली दीड वर्ष पडला आणि एक्सपायर झाला. ज्या बाईनं मला जोडलं होतं ती रोज फोन करायची ते 'अजून दोन जोड' सांगायला, माल विकला का असं तिनं एकदा पण विचारलं नाही. मी जोडायचं बंद केल्यावर फोन पण बंद झाले.

दोन वर्षांनी परत सुरू केलं, दुसऱ्या कंपनीत, पॅकेज न घेता, आणि ते आजपर्यंत चालू आहे. दोन्ही कंपन्या डायरेक्ट सेलिंगच्याच, म्हणजे दुकानात न ठेवता आपल्यासारख्यांच्या हातनं घरोघरी माल विकणाऱ्या, दोन्हीकडं माल बरा होता, मग फरक कुठं पडला यावर मी खूप विचार केला आणि शेवटी एकाच प्रश्नावर आले. उद्यापासून एकही माणूस जोडायचा नाही असं ठरलं तर निव्वळ माल विकून या कंपनीत माझे महिन्याचे पैसे सुटतील का? याचं उत्तर हो असेल तरच पुढचं बघायचं. प्लॅन दाखवणारी बाई या प्रश्नाला "अगं पण खरी इन्कम टीममधनंच असते" म्हणाली की तिथंच थांबायचं, कारण मग तुम्हाला क्रीम विकायची नाहीये, माणसं विकायचीयत.

हे उत्तर काढायचं कसं तर आधी गिऱ्हाईक बघायचं, कंपनी नंतर. जॉईन झाल्यावर शंभर नावांची यादी करायला लावतात, ओळखीतला पाळखीतला प्रत्येक जण त्यात. तशी नको. एक वही घ्या आणि फक्त त्या बायकांची नावं लिहा ज्यांनी गेल्या तीन महिन्यात स्वतःच्या पैशानं काहीतरी क्रीम पावडर लिपस्टिक शाम्पू घेतलाय हे तुम्हाला पक्कं माहितीय, पुढं काय घेतलं, केवढ्याला घेतलं, कुठनं घेतलं. माझ्या वहीत पहिल्यांदा एकोणीस नावं भरली होती, शंभर सोडाच. पण त्या एकोणीस नावांनी मला सगळं शिकवलं. त्यातल्या चौदा बायका दीडशे ते चारशेच्या आतलं घेत होत्या. दोघी पार्लरवाल्या होत्या त्या गांधीनगरातनं होलसेल उचलत होत्या, त्यांना आपला दर परवडणारच नाही, त्यांचं नाव मी खोडलं. राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तिघी मात्र सातशे-आठशेचं सनस्क्रीन ऑनलाईन मागवत होत्या. म्हणजे मला कंपनी अशी पाहिजे होती जिच्याकडं चारशेच्या आत चांगली आठ-दहा प्रॉडक्ट आहेत आणि एखाद-दोन वरच्या दराची. हे कळल्यावर निम्म्या कंपन्या आपोआप बाद झाल्या.

आणि पैसे कधी येतात ते पण बघा, याकडं कुठली कंपनी लक्ष देत नाही कारण त्यांचं टार्गेट महिन्याच्या तारखेवर चालतंय. करवीर, कागल, भुदरगडच्या गावात बायकांच्या हातात रोख पैसा येतो तो दुधाच्या बिलातनं, दर दहा दिवसाला. दिवाळीला दूध फरक येतो तेव्हा बाई मोकळ्या हातानं घेते. ऊसाचं बिल कारखान्याकडनं आलं की घरात मोठी खरेदी निघते. शहरात नोकरीवाल्यांचा पगार एक ते सात तारखेला. आता कंपनीचं महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे त्या महिन्याचा हिशोब बंद करायची तारीख, कधी आहे, आणि तुमची गिऱ्हाइकं कधी देणारी आहेत, हे जुळत नसेल तर दर महिन्याला तुम्ही आपल्या पदरचे घालून ऑर्डर टाकणार.

सण पण तसाच बघायचा. आपल्याकडं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं आणि प्रत्येकीला वाण लुटायचं असतं, पंचवीस-तीस नग एकदम. तीस ते साठ रुपयातला साबण, छोटी हँड क्रीम, लिप बाम असं काही कंपनीकडं असेल तर त्या दिवसात जेवढी विक्री होते तेवढी एरवी तीन महिन्यात होत नाही, मी स्वतः एका अपार्टमेंटमध्ये ऐंशी साबण दिलेत. मग लग्नसराई, नवरात्र, दिवाळीचं उटणं-सुगंधी तेल. कॅटलॉग हातात आला की मी आधी वाणाचं काय आहे ते शोधते.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथंच निम्म्या फसव्या कंपन्या गळतात. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम काढलेत, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली. त्यानुसार जॉईन व्हायला फी घेता येत नाही. नुसतं माणूस जोडला म्हणून पैसे देणं म्हणजे पिरॅमिड स्कीम, त्याला बंदी आहे, आणि पैसे फिरवायच्या योजनांवर तर १९७८ पासूनच कायद्यानं बंदी आहे. कंपनीचं भारतात नोंदणीकृत ऑफिस पाहिजे, तुमच्याशी आधी लेखी करार पाहिजे, तुम्हाला ओळखपत्र पाहिजे, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमलेला पाहिजे आणि त्याचं नाव नंबर वेबसाईटवर पाहिजे. ट्रेनिंगची पुस्तकं, सीडी, सेमिनारचं साहित्य विकत घ्याच अशी सक्ती करता येत नाही. मला बारा वर्षांपूर्वी हे असं कोणी सांगणारं नव्हतं, आता नियम आहे तर त्याचा उपयोग करून घ्या.

पॅकेजवाल्या कंपन्या काय म्हणतात, "फी नाही हो, हे तर प्रॉडक्टचे पैसे." मग सरळ विचारायचं, मी फक्त एक साबण घेतला तर माझा आयडी, म्हणजे मेंबर नंबर, चालू होणार का? होणार असेल तर ठीक. नाही म्हणाले तर ती फीच आहे, नाव दुसरं दिलंय एवढंच.

करार मागितला की बहुतेक जण लिंक पाठवतात, ती उघडून खरंच वाचा, मराठीत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरांना बसवून वाचून घ्या. त्यात दोन गोष्टी बोट ठेवून शोधायच्या. एक, कूलिंग ऑफ, म्हणजे जॉईन झाल्यावर किती दिवसात काही न कापता बाहेर पडता येतं. दोन, न विकलेला माल परत घेतात का, किती दिवसात, किती टक्के कापून, आणि परत पाठवायचा कुरिअर खर्च कोणाचा. माझा ९,००० चा माल दिवाणाखाली सडला तो यासाठीच, परत करायची मुदत होती आणि ती मला माहितीच नव्हती, जोडणाऱ्या बाईनं सांगितली नाही आणि मी विचारली नाही. कंपनीचं नाव केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए वेबसाईटवर टाकून बघा, किती साली सुरू झाली, चालू आहे की बंद, डायरेक्टर कोण ते कळतं. इंडियन डायरेक्ट सेलिंग असोसिएशनच्या मेंबरच्या यादीत आहे का ते बघा. यादीत नाव असलं म्हणजे सोनं असं नाही, पण नसेल तर का नाही ते विचारायला हक्काची जागा मिळते.

मोठ्या नावावर पण डोळे झाकून जाऊ नका. ओरिफ्लेम स्वीडनची, १९६७ ची, आपल्याकडं १९९५ ला आली, एव्हॉन त्याच्या पुढच्या वर्षी, मोदीकेअर १९९६ ची भारतीय, ऍमवे १९९८ पासून इथं, वेस्टीज २००४ ची. सगळी ऐकलेली नावं. पण एव्हॉन १८८६ सालची कंपनी, तिच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडं दिवाळखोरीच्या कोर्टात अर्ज केला. ऍमवे इंडियाच्या ७५७ कोटींच्या मालमत्तेवर ईडीनं एप्रिल २०२२ मध्ये टाच आणली, सदस्य जोडण्याच्या साखळीचाच आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, पण आपण पाच-दहा हजार घालणार असू तर कंपनीच्या नावापुढं 'बातमी' असं टाईप करून गेल्या दोन वर्षाचं वाचायला अर्धा तास द्यायलाच पाहिजे. आणि यातली कुठली घेऊ असं मला विचारू नका, कारण माझं गिऱ्हाईक मंगळवार पेठेतलं आहे, तुमचं गडहिंग्लजचं असेल, उत्तर वेगळं येणार.

त्यानंतर डबी हातात घ्या. चेहऱ्याला लावायची वस्तू आपण आपल्याच माणसांना देतो, उद्या कुणाच्या तोंडावर पुरळ आलं तर कंपनी मुंबई-दिल्लीत असते आणि दारात येतात ते आपल्या. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव पत्ता, उत्पादन लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची, एमआरपी, हे सगळं असलंच पाहिजे. बाहेरच्या देशातनं आलेली असेल तर आयात करणाऱ्याचं नाव पत्ता आणि नोंदणी नंबर. यातलं एक जरी नसेल तर ती डबी घरात पण नको. झाकण उघडलेल्या डबीचं छोटं चित्र असतं त्यात १२ एम, ६ एम लिहिलेलं असतं, उघडल्यापासून तेवढे महिने चालते, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की त्यांना आपल्याबद्दल खात्री वाटते.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल मला जीव तोडून सांगायचंय. आठ दिवसात फरक पडतो म्हणून ज्या क्रीम येतात, त्यात पारा किंवा स्टेरॉईड असण्याची भीती असते. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या किडन्यांना इजा झाल्याचं डॉक्टरांनी पुढं आणलं. स्टेरॉईडची क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नसते. म्हणून ज्या कंपनीची निम्मी विक्री 'गोरेपणा'वर आहे, किंवा जिची माणसं क्रीमनं सोरायसिस बरा होतो, तेलानं गुडघा बरा होतो असं बोलतात, तिथं मी जात नाही, कितीही कमिशन असू दे. आपल्या पुतणीला, भाचीला, लावायला देणार आहोत आपण.

लेबल बरोबर निघालं की कुणाकडनं तरी एमआरपीला दोनच वस्तू घ्या आणि महिनाभर स्वतः वापरा. जॉईन होऊ नका, नुसतं वापरा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा ओली, तेव्हा जड क्रीम चिकट होते आणि कोणी लावत नाही, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या घरात लिपस्टिक मऊ पडते, ते सगळं ब्रोशरमध्ये नसतं. महिन्यानंतर डबी संपली आणि तुम्हाला परत घ्यावीशी वाटली तरच ती दुसऱ्याला विका. या धंद्यात पैसे दुसऱ्या डबीत असतात. पहिली ओळखीखातर जाते.

त्याच दिवशी ती वस्तू ऍमेझॉन, फ्लिपकार्टवर पण शोधा. तिथं तीच डबी तुमच्या खरेदीच्या दरापेक्षा स्वस्त मिळत असेल, आणि खूप कंपन्यांची मिळते, कारण टार्गेट भरायला घेतलेला माल लोक तिथं टाकून मोकळे होतात, तर तुमचं गिऱ्हाईक एक महिन्यात ते शोधून काढणार. आणि दराचंच निघालंय तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, साबण, केसांचं तेल, टाल्कम पावडर यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, क्रीम लिपस्टिक १८ वरच आहेत. कंपनीनं शाम्पू-साबणाचा दर तेव्हा उतरवला का ते जुना कॅटलॉग काढून बघा, कंपनीची नियत कळते.

आता हिशोब, हा प्लॅनवाल्या पीडीएफवर विश्वास न ठेवता स्वतः वहीत करायचा. समजा एक वस्तू एमआरपी ४५०, तुम्हाला ३६० ला. कागदावर ९० सुटतात. पण आपल्याकडं कोण एमआरपीला घेतंय, "आपल्यातलंच हाय की, कमी कर" म्हणत पंचवीस रुपये कमी होतातच, राहिले ६५. महिन्याला चाळीस नग खपले, आणि सुरुवातीला चाळीस म्हणजे खूप झाले, तर २,६०० रुपये. त्यातनं पेट्रोल ५००, सॅम्पल आणि पिशव्या ३००. हातात १,८००. आता पाच नग उधारीवर गेले आणि पैसे आले नाहीत तर पाच गुणिले ४२५, म्हणजे २,१२५ अडकले. महिना ३२५ नं तोट्यात. म्हणून मी म्हणते कमिशन किती टक्के याच्यापेक्षा उधारी किती हे आधी ठरवा. मी सुरुवातीपासून एकच नियम पाळला, जुनी बाकी दिल्याशिवाय नवीन वस्तू नाही, सख्ख्या जावेला पण. थोडे दिवस राग राहिला, मग सगळ्यांना सवय झाली.

आणि 'ऍक्टिव्ह' राहायची अट. पॉईंटमध्ये सांगतात, पीव्ही, बीव्ही, म्हणजे आकडा छोटा दिसतो, त्याचे रुपये करून घ्या. समजा महिन्याला ५,००० चा माल घेतलाच पाहिजे अशी अट निघाली. दिवाळीत काही वाटणार नाही. पण जुलैत धो धो पाऊस, शाळेच्या फिया भरून झालेल्या, दहाच नग खपले, म्हणजे ३,६०० चा माल, वरचे १,४०० तुमच्या घरखर्चातनं जाणार आणि माल दिवाणाखाली जाणार. वर्षातले असे तीन-चार महिने धरून बघा. अट नसलेल्या किंवा अट मोडली तरी नुसतं त्या महिन्याचं बोनस जाणाऱ्या कंपन्या आहेत, त्याच बऱ्या.

डिलिव्हरीचं आपल्याकडं वेगळंच आहे. शहरात कुरिअर दोन-तीन दिवसात येतं, पण चंदगड, राधानगरी, शाहूवाडीच्या आतल्या गावात पिनकोड टाकून आधी बघा, काही कंपन्यांची ऑर्डर तिथं पोचतच नाही आणि मग तुम्ही स्टँडवर पार्सल आणायला जाणार. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, त्यातल्या २०१९ च्या वेळी माझी एकवीस हजाराची राखीपौर्णिमेची ऑर्डर वाटेत अडकली होती, पैसे भरलेले, गिऱ्हाईक विचारतंय, माल नाही. कंपनीनं तेव्हा क्लोजिंगची तारीख पुढं ढकलली म्हणून वाचले. तेव्हापासून पावसाळ्याचा माल मी जूनच्या पहिल्या आठवड्यात आणते आणि कोणी विचारलं तर सांगते की कोल्हापूर, सांगली नाहीतर निदान पुण्यात माल उचलायची जागा आहे का ते बघा. फुटलेली बाटली आली तर बदलून किती दिवसात देतात हे एक छोटी ऑर्डर टाकून, कस्टमर केअरला फोन करून, मराठीत बोलून बघा.

तुम्हाला जोडणारी बाई कोण यावर पण खूप आहे. तिच्याकडं जाऊन एवढंच म्हणा, ताई तुमची मागच्या महिन्याची बिलं दाखवता का, गिऱ्हाइकाला विकलेली. दाखवली तर तिच्याकडनं शिकायला मिळेल. कमिशनचा मोठा आकडा दाखवला आणि विक्रीचं बिल एक पण नाही, तर ती काय विकते ते कळलं. नवऱ्याला सांगू नको, आजच्या आज भर, उद्या ऑफर संपते, कर्ज काढ, सोनं ठेव, यातलं एक वाक्य जरी आलं तर उठून या. बचत गटाचे पैसे तर या कामात घालायचेच नाहीत, ते दहा जणींचे असतात.

बाकी बारीकसारीक. बँकेत वेगळं खातं काढा. पॅन द्या, नाही दिलं तर कमिशनवर २० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, जाऊ शकतो. गिऱ्हाइकाच्या घरी जाताना फोन करून, ओळखपत्र घेऊन जा, नियमच आहे तो. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

नणंदेची पोरगी त्या दिवशी तोंड बारीक करून गेली, मला वाटलं आता काही येत नाही. आठ दिवसांनी वही घेऊन आली, तेवीस नावं, प्रत्येकीपुढं दर लिहिलेला, आणि पीडीएफवाल्या ताईंना तिनं तो एका साबणाचा प्रश्न विचारला होता, त्यांनी तिला ग्रुपमधनं काढलं. येत्या रविवारी दोन कंपन्यांचे करार आणि चार डब्या घेऊन येणार आहे, "मामी, मी येतो दुपारी, जेवायला पण हाय" म्हणाली.